संचलनातील ढोलाचा ठेका आणि शाळेची रांग

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत दिलेले व्याख्यान)



आजच्या परिषदेत मजकडे जो विषय सोपवला आहे तो वरवर पाहता दूरदेशीचा वाटेल. अमेरिकेत ढोल आणि बिगूल वाजवीत संचलन करणारी तरुणांची पथके आहेत. त्यांना तिकडे ‘ड्रम कोअर’ म्हणतात. ही पथके रस्त्यावरून मिरवणुकीने जातात, भव्य क्रीडांगणांवर आपले कार्यक्रम सादर करतात, आणि त्यांच्या शेकडो पावलांना ढोलाचा जो ठेका एकत्र बांधून ठेवतो त्यास ‘केडन्स’ असे नाव आहे. हा ठेका कसा बनतो, तो कोणते काम करतो आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, याचा विचार आज आपणांस करावयाचा आहे.

खेड्यातील प्राथमिक शिक्षकाला या माहितीचा उपयोग काय, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्ट या दोन्ही दिवशी आपल्या शाळांच्या प्रभातफेऱ्या निघतात. पुढे तिरंगा, त्यामागे ढोल किंवा साइड ड्रम, आणि त्यामागे दोन-दोनच्या रांगेत मुले. पन्नास पावले जात नाहीत तोच मागची रांग विस्कटते. पुढच्यांचा डावा पाय पडतो तेव्हा मागच्यांचा उजवा पडू लागतो. शिक्षक धावत मागे जातात, आणि बोलणी खातो तो बहुधा शेवटच्या ओळीतला एखादा विद्यार्थी. हा अपराध खरोखर त्याचाच असतो काय? ड्रम कोअरच्या शंभर वर्षांच्या अनुभवातून या प्रश्नाचे जे उत्तर मिळते ते आपण सर्वांनी ऐकण्यासारखे आहे.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहू. ‘केडन्स’ हा शब्द लॅटिन भाषेतील ‘पडणे’ या अर्थाच्या धातूपासून निघाला आहे. आपणही पाऊल पडते, टाळी पडते, असेच म्हणतो. संचलनात या शब्दाचे दोन अर्थ होतात. एका मिनिटात किती पावले पडावीत ते प्रमाण, हा पहिला अर्थ. ते प्रमाण राखण्यासाठी ढोलवादक जी ठरावीक बोलरचना पुनःपुन्हा वाजवतात ती, हा दुसरा. पहिला अर्थ घड्याळाचा आहे, दुसरा कानाचा. मुलांच्या हाती घड्याळ नसते, कान मात्र प्रत्येकाला असतो; म्हणून घड्याळाचे माप कानापर्यंत पोचवण्याचे काम ढोल करतो.

या पद्धतीचे मूळ सैन्यात आहे. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात, १७७८ मध्ये, प्रशियाच्या सैन्यात पूर्वी सेवा केलेले बॅरन फॉन श्टॉयबेन हे अधिकारी जनरल वॉशिंग्टन यांच्या छावणीत दाखल झाले. त्यांच्यापुढे उभे होते ते निरनिराळ्या वसाहतींतून आलेले, निरनिराळ्या रीतीने चालणारे शेतकरी आणि कारागीर. त्यांच्यासाठी श्टॉयबेन यांनी जी कवायतीची नियमावली रचली ती १७७९ मध्ये छापली गेली. तीत एका पावलाची लांबी दोन फूट ठरवली होती. साध्या चालीला मिनिटास सुमारे ७५ पावले आणि जलद चालीला सुमारे १२०. म्हणजे साध्या चालीने मिनिटाला १५० फूट आणि जलद चालीने २४० फूट अंतर तोडले जाई. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. वेग वाढवताना पावलाची लांबी वाढवलेली नाही, पावलांची संख्या तेवढी वाढवली आहे. लांबी आणि संख्या ही दोन मापे वेगळी आहेत. ढोल केवळ संख्या सांगू शकतो, लांबी सांगू शकत नाही. आपल्या रांगा तुटतात त्यामागे या दोन मापांची गल्लत हे एक मोठे कारण असते. त्याकडे आपण पुढे वळणारच आहोत.

पावलांचे प्रमाण जगभर एकच आहे असेही नाही. अमेरिकन सैन्याची आजची जलद चाल मिनिटाला १२० पावलांची व ३० इंची पावलाची आहे. म्हणजे मिनिटाला ३०० फूट, अर्थात शंभर यार्ड. फ्रान्सच्या परदेशी सैन्यदलाची चाल केवळ ८८ पावलांची, संथ आणि भारदस्त. तर ब्रिटनच्या रायफल्स दलाची १४० पावलांची, चपळ. प्रत्येकाने आपला इतिहास व आपले काम पाहून प्रमाण ठरवले आहे. यास्तव शाळेच्या मुलांनीही सैनिकांच्याच प्रमाणाने चालले पाहिजे, असा आग्रह धरण्यास काही आधार नाही.

आता ड्रम कोअरकडे वळू. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या अमेरिकन सैनिकांनी १९१९ मध्ये ‘अमेरिकन लीजन’ ही संघटना स्थापन केली. तिच्या गावोगावच्या शाखांनी ढोल-बिगुलांची पथके उभारली, आणि पुढे त्या पथकांच्या धर्तीवर मुलामुलींची पथके निघाली. त्या काळच्या साध्या बिगुलाला कळा नव्हत्या. त्यातून मोजकेच स्वर निघत. साहजिकच संगीताचा बराचसा भार ढोलांवर पडला. १९७२ मध्ये ‘ड्रम कोअर इंटरनॅशनल’ या संस्थेची पहिली अजिंक्यपद स्पर्धा विस्कॉन्सिन राज्यातील व्हाइटवॉटर येथे झाली. आजच्या मोठ्या पथकात सुमारे दीडशे तरुण-तरुणी असतात, आणि त्यांचे वय बहुधा बाविशीच्या आत असते.

मिरवणुकीत ठेक्याचे काम काय, ते पाहा. पथक एखादी धून वाजवीत निघते. फुंकीची वाद्ये वाजवणाऱ्यांना सतत वाजवणे शक्य नसते; त्यांना ओठांची आणि श्वासाची विश्रांती हवी असते. धून संपते, पण चाल थांबत नाही. या मधल्या काळात रस्त्यावर शांतता पसरली तर शंभर पावले शंभर वाटांनी जातील. तेथे केवळ ढोल वाजत राहतात. मोठा बास ड्रम मुख्य आघात देतो, आणि पहिला आघात डाव्या पावलावर पडतो, कारण संचलनाची सुरुवात डाव्या पायाने होते. साइड ड्रम मधल्या जागा नाजूक बोलांनी भरतात. पुढची धून सुरू करावयाची झाली की साइड ड्रमवर एक ठरलेला घुमारा वाजतो. तो ऐकून बिगुलवाले वाद्ये ओठांशी नेतात. तोंडाने एकही आज्ञा द्यावी लागत नाही. ठेका हा असा चालीचा आधारही असतो आणि पुढच्या कामाची सूचनाही असते.

या ठेक्याची बांधणी आपल्या तबल्याच्या शिक्षणाची आठवण करून देणारी आहे. तबल्याचे जसे मूळ बोल असतात, तसे साइड ड्रमचेही असतात. १८१२ मध्ये चार्ल्स स्ट्युअर्ट ॲशवर्थ यांनी ढोलवादनावर जे पुस्तक प्रसिद्ध केले त्यात अशा मूळ बोलांची मांडणी केलेली आहे. १९३३ मध्ये अमेरिकेतील ढोलवादकांनी संघटना स्थापून २६ मूळ बोल प्रमाण मानले, आणि १९८४ मध्ये ही संख्या ४० पर्यंत नेण्यात आली. त्यांपैकी ‘पॅराडिडल’ हा बोल आपल्या मुलांनाही मांडीवर हात मारून शिकता येईल. उजवा, डावा, उजवा, उजवा. मग डावा, उजवा, डावा, डावा. चार आघातांच्या प्रत्येक गटाला आरंभ करणारा हात आपोआप बदलतो. असे लहान लहान बोल जोडून आठ किंवा सोळा आवर्तनांचा ठेका रचतात, आणि शेवट अशा बेताने करतात की तो सहज आरंभाला येऊन मिळावा. आपण ज्यास समेवर येणे म्हणतो, तेच हे.

चांगल्या ठेक्याची कसोटी कोणती? वाजवणाऱ्याचे कौशल्य दिसावे ही कसोटी नव्हे. वर कितीही नक्षी असो, तिच्या खालून पावलाचा आघात स्पष्ट ऐकू आला पाहिजे. नक्षी वाढली आणि आघात हरवला, तर प्रेक्षक टाळ्या वाजवतील पण चालणारा गोंधळेल. दुसरे असे की ठेक्यात मोकळ्या जागा हव्यात. त्या क्षणभराच्या शांततेत चालणाऱ्यांना स्वतःच्या पावलांचा आवाज ऐकू येतो, आणि आपण बरोबर आहोत की नाही हे त्यांचे त्यांनाच कळते. तिसरी गोष्ट संयमाची. गर्दी पाहून, टाळ्या ऐकून ढोलवादकाचा हात नकळत धावू लागतो. तो मिनिटाला चार-सहा आघातांनी जरी पुढे गेला, तरी मागच्या लहानांची धावपळ होते. म्हणून ही पथके सरावाच्या वेळी लयमापक यंत्र लावून, प्रथम अगदी संथ लयीत, तोच तो ठेका घोटून घेतात. लेझीम शिकवताना हलगी धावू लागली की मुलांचे हात कसे अडखळतात, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेलच.

आता क्रीडांगणाकडे जाऊ, कारण आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर तेथे सापडते. अमेरिकन फुटबॉलच्या मैदानाची लांबी शंभर यार्ड असते आणि त्यावर दर पाच यार्डांवर पांढरी रेघ आखलेली असते. पाच यार्डांत आठ पावले टाकावयाची, असे तेथील माप आहे. म्हणजे एक पाऊल साडेबावीस इंचांचे, सैनिकाच्या ३० इंची पावलापेक्षा बरेच लहान. शंभर यार्डांना १६० पावले लागतात, आणि मिनिटाला १२० या प्रमाणाने ती ८० सेकंदांत पूर्ण होतात. पावलांची संख्या ढोल सांगतो, लांबी जमिनीवरच्या रेघा सांगतात. दोन मापांना दोन वेगळे मार्गदर्शक नेमले आहेत.

परंतु एवढ्या विस्तीर्ण मैदानावर एक अडचण उभी राहते. ध्वनीला एका ठिकाणाहून दुसरीकडे जाण्यास वेळ लागतो. सामान्य हवामानात तो सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. मिनिटाला १२० पावले म्हणजे प्रत्येक पावलाला अर्धा सेकंद. ढोलापासून ८५ मीटरवर उभ्या असलेल्या माणसाला आघात पाव सेकंद उशिरा ऐकू येतो, म्हणजे अर्ध्या पावलाने उशिरा. ढोलवादकाचा पाय जमिनीवर टेकतो तेव्हा त्या माणसाचा पाय अधांतरीच असतो. तो ठेक्याबाहेर चालत नसतो. त्याच्या कानी जो ठेका पोचला, त्याच्याशी तो अगदी प्रामाणिक असतो. तरीही पाहणाऱ्याला तो चुकलेला दिसतो.

बंधूंनो आणि भगिनींनो, आपल्या प्रभातफेरीचे गणित याच रीतीने मांडून पाहा. दोनशे मुले दोन-दोनच्या ओळींत चालत आहेत. शंभर ओळी, दोन ओळींत सुमारे एक मीटर अंतर. म्हणजे रांग शंभर मीटर लांब झाली. ढोल सर्वांत पुढे आहे. शेवटच्या ओळीला त्याचा आवाज सुमारे तीन दशांश सेकंद उशिरा पोचतो. मुले मिनिटाला शंभर पावलांनी चालत असतील, तर एका पावलाला सहा दशांश सेकंद लागतात. म्हणजे शेवटची ओळ बरोबर अर्ध्या पावलाने मागे राहणार. तिने कितीही लक्ष दिले तरी मागे राहणारच. आपण ज्याला निष्काळजीपणा समजून रागावतो, तो ध्वनीचा स्वभाव आहे. त्या मुलाला शिक्षा करणे म्हणजे नळ लांब असल्यामुळे पाणी उशिरा आले म्हणून घागरीला बोल लावण्यासारखे आहे.

ड्रम कोअरवाल्यांनी या अडचणीवर दोन उपाय योजले. पहिला, ढोलांची जागा. मैदानावर ते बहुधा ढोलाचे मुख्य पथक मध्यभागी व इतरांच्या मागे ठेवतात. पुढच्यांना शिकवण असते ती मागून येणारा आवाज ऐकून वाजवण्याची. म्हणजे मागचा आवाज पुढे येताना पुढच्यांचा आवाज त्यात मिसळतो आणि समोरच्या प्रेक्षकांना दोन्ही एकदमच ऐकू येतात. दुसरा उपाय म्हणजे संचालकाचा हात. उंच चौथऱ्यावर उभा राहून एकजण हातांनी ताल दाखवतो. प्रकाशाला मैदान ओलांडण्यास लागणारा वेळ आपल्या जाणिवेच्या पलीकडचा आहे; म्हणून हात सर्वांना एकाच क्षणी दिसतो. जेथे कान मागे पडतो तेथे डोळा मदतीला येतो.

आपल्या फेरीत ढोल पुढे न ठेवता रांगेच्या मध्यावर ठेवला, तर कोणतीही ओळ त्याच्यापासून पन्नास मीटरांहून दूर राहत नाही आणि उशीर निम्म्यावर येतो. फेरी फारच लांब असेल, तर तिचे वर्गवार गट करावेत व गटागटांत चांगले अंतर ठेवावे. दोन ढोल दोन टोकांना ठेवणे मात्र टाळावे; कारण प्रत्येक वादक दुसऱ्याचा ठेका उशिरा ऐकतो आणि मधल्या मुलांना दोन ठेके ऐकावे लागतात.

यातच पाचवी-सहावीच्या विज्ञानाचा एक सुंदर पाठ आहे. मोकळ्या माळावर एका विद्यार्थ्याला थाळी किंवा डबा घेऊन सेकंदाला दोन आघात, अशा एकसारख्या लयीत वाजवण्यास सांगावे आणि बाकीच्या मुलांना घेऊन त्याच्यापासून दूर दूर चालत जावे. सुमारे ८५ मीटरवर काठी वर असताना आवाज ऐकू येईल. सुमारे १७० मीटरवर काठी आणि आवाज पुन्हा जुळतील, कारण तेव्हा ऐकू येणारा आवाज मागच्या आघाताचा असेल. अर्ध्या सेकंदात १७० मीटर, म्हणजे सेकंदाला ३४०. ध्वनीचा वेग मुलांनी स्वतः मोजला, आणि त्यासाठी एक डबा, एक काठी व मोजपट्टी एवढेच साहित्य लागले.

दुसरा प्रश्न पावलाच्या लांबीचा. चालताना पाय काही अंशी लंबकासारखा झुलतो. लंबक जितका आखूड, तितका त्याचा झोका लवकर पुरा होतो. दोन दोऱ्यांना दगड बांधून, एक दोरी ८० सेंटिमीटरची आणि दुसरी २० सेंटिमीटरची ठेवून पाहा. मोठ्याचा एक झोका होईतो लहानाचे दोन होतात. पहिलीतल्या मुलाचा आणि सातवीतल्या मुलाचा पाय यांत इतका फरक नसला, तरी नियम तोच आहे. लहान मुलाला भरभर व आखूड पावले स्वाभाविक असतात, मोठ्याला सावकाश व लांब. दोघांना एकाच ठेक्यावर चालवावयाचे तर कोणीतरी आपली सवय सोडली पाहिजे. लहानाने टांग लांबवली तर तो दमतो आणि रांग तुटते. मोठ्याने पाऊल आखूड केले तर काहीच बिघडत नाही. क्रीडांगणावरील धडधाकट तरुण जर साडेबावीस इंचांच्या पावलाने चालण्यात कमीपणा मानत नाहीत, तर आपल्या सातवीच्या मुलांनीही मानू नये.

यासाठी शाळेच्या मैदानावर फक्कीच्या रेघा आखाव्यात. सर्वांत लहान वर्गातील दहा मुलांना मोकळेपणाने आठ-आठ पावले चालू द्यावे, त्या अंतरांची सरासरी काढावी, आणि तितक्या अंतरावर रेघा ओढाव्यात. मग सर्व वर्गांनी आठ पावलांत एक रेघ गाठण्याचा सराव करावा. सरासरी काढण्याचे उदाहरणही आपोआप सोडवले जाईल. प्रत्यक्ष फेरीत लहान वर्ग पुढे ठेवावेत, म्हणजे त्यांचे पाऊल हेच सर्वांचे माप होईल.

कित्येक शाळांत ढोल नाही, ड्रम नाही. त्यांनी काय करावे? कर्नल बर्नार्ड लेंट्झ या अमेरिकन अधिकाऱ्यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास कवायत शिकवण्याची एक वेगळी पद्धत प्रचारात आणली. आज्ञा केवळ शिक्षकाने ओरडून द्यावयाच्या नाहीत. शिकणाऱ्यांनीच त्या एकमुखाने, ठेक्यात म्हणावयाच्या आणि कृती करावयाची. जो स्वतः आज्ञा उच्चारतो, त्याला ती समजून घ्यावीच लागते. पुढे १९४४ मध्ये हेच अधिकारी न्यूयॉर्कजवळील फोर्ट स्लोकम या ठाण्याचे प्रमुख असताना, विली डकवर्थ या कृष्णवर्णी शिपायाने दमूनभागून परतणाऱ्या आपल्या तुकडीसाठी चालता चालता एक सवाल-जवाबाचे संचलनगीत म्हणावयास सुरुवात केली. एकाने म्हणावे, सर्वांनी उत्तर द्यावे, अशी त्याची रचना होती. थकलेल्या माणसांची पावले जुळली, माना वर झाल्या. लेंट्झ यांनी त्याचे महत्त्व ओळखले आणि ती पद्धत साऱ्या सैन्यात पसरली. त्या वेळी अमेरिकन सैन्यात गोऱ्या व काळ्या शिपायांच्या तुकड्या वेगळ्या ठेवल्या जात. ही विभागणी मोडण्याचा आदेश राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी १९४८ मध्ये काढला. ज्याला बरोबरीचे स्थान नव्हते, अशा एका साध्या शिपायाच्या गळ्यातून निघालेल्या ठेक्यावर पुढे सर्व वर्णांचे सैनिक चालले. आपल्याकडे भजनात, जात्यावर, मोटेवर श्रमाला गाण्याची जोड देण्याची रीत जुनीच आहे. मुलांनी स्वतः रचलेल्या सवाल-जवाबाच्या दोन ओळी, मग त्या पाढ्यांच्या का असेनात, ढोलाची उणीव भरून काढतील.

शिक्षकांना विशेष विचार करावयास लावील अशी आणखी एक गोष्ट सांगतो. ड्रम कोअरच्या स्पर्धांत पूर्वी परीक्षक हाती फळी घेऊन पथकाच्या अगदी जवळून फिरत, आणि प्रत्येक चुकीला एक खूण करून दशांश गुण वजा करीत. चुका नेमक्या पकडल्या जात, यात शंका नाही. पण कठीण काम अंगावर घेणाऱ्याचे गुण अधिक कापले जाण्याचा धोका असे, आणि सोपे तेच बिनचूक करणारा सुरक्षित राही. १९८० च्या दशकात ही पद्धत मागे पडली. काय साधले, किती कठीण साधले, यावर गुण चढवत नेण्याची पद्धत आली. ठेका तोच राहिला, शिस्तही ढळली नाही. परीक्षकाची दृष्टी तेवढी बदलली. वही तपासताना आणि रांग तपासताना आपली फळी कोणत्या प्रकारची आहे, हे प्रत्येकाने आपल्याशी पाहावे.

त्याच दशकाच्या सुरुवातीच्या काळात आणखी एक बदल झाला. मरिंबा, झायलोफोन अशी जड वाद्ये खांद्यावर घेऊन चालण्याऐवजी मैदानाच्या पुढच्या कडेला जमिनीवर मांडून वाजवण्यास परवानगी मिळाली. त्यामुळे पथकातील काहीजण जागचे न हलताही त्याच संगीताचे पूर्ण भागीदार झाले. आपल्या वर्गात एखादे मूल पायाने अधू असते. कवायतीच्या तासाला ते भिंतीशी बसून राहते. मैदानाच्या मध्यभागी त्याला बसवून ठेका त्याच्या हाती द्यावा. साऱ्या शाळेची पावले त्याच्या हातावर पडतील. ते मूल शाळेच्या उपकाराचे धनी होणार नाही. शाळेचे काम करणारे होईल.

शेवटी ठेक्याच्या मर्यादेविषयी सांगणे अगत्याचे आहे. १२ एप्रिल १८३१ रोजी इंग्लंडमध्ये मँचेस्टरनजीक ब्रॉटन येथील झुलत्या पुलावरून ७४ सैनिक चार-चारच्या रांगेने पावलात पाऊल टाकीत निघाले. पूल हेलकावे घेऊ लागला. सैनिकांना त्याची मौज वाटली. शीळ वाजवीत त्यांनी पावले अधिकच जोराने टाकली. पुलाची साखळी निखळली आणि सुमारे चाळीसजण पाण्यात पडले. काहींना गंभीर इजा झाली, सुदैवाने जीवितहानी झाली नाही. पुलाचा एक बोल्टही सदोष होता असे तपासात आढळले; तथापि पावलांचा ठेका आणि पुलाचा हेलकावा एकमेकांस मिळाल्यानेच आघात वाढत गेला. तेव्हापासून पूल ओलांडताना पावले मोडून चालावे, अशी आज्ञा ब्रिटिश सैन्यात दिली जाऊ लागली. आपल्या फेरीच्या वाटेत साकव असेल, ओढ्यावरचा जुना पूल असेल, तर ढोल थांबवावा आणि मुलांना सुटे सुटे, हात धरून पलीकडे न्यावे. जो शिक्षक ठेका धरावयास शिकवतो, त्याने तो कोठे सोडावा हेही शिकवले पाहिजे.

या सर्व विवेचनातून आपणांस करावयाच्या गोष्टी थोड्याच निघतात. ढोल रांगेच्या मध्यावर असावा. ठेका साधा असावा, त्यात मोकळ्या जागा असाव्यात आणि वादकाने तो धावू देऊ नये. पावलाची लांबी सर्वांत लहान मुलाच्या पायावरून ठरवावी व रेघांनी शिकवावी. ढोल नसेल तेथे मुलांचा कंठ वापरावा. आणि रांग चुकली की मुलाकडे वळण्यापूर्वी आधी आपल्या मापाकडे पाहावे: वेग जास्त झाला काय, पाऊल लांब झाले काय, आवाज तेथवर पोचतो काय. या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की बहुतेक वेळा मुलाला रागावण्याचे कारणच उरत नाही.

येत्या प्रभातफेरीच्या आधी आठवडाभर रोज दहा मिनिटे हा प्रयोग आपापल्या शाळेत करून पाहावा, आणि जे आढळेल ते पुढील परिषदेत इतरांना सांगावे, अशी माझी आपणांस विनंती आहे.

जय हिंद! जय महाराष्ट्र!